सुई-दोरा : आधी विचारा, मग कातरा!

काय दोस्तांनो, सुईत दोरा ओवता यायला लागला की नाही? मागच्या वेळी आपण धावदोरा आणि उलटी टीप हे दोन टाके शिकलो. जुन्या अभ्र्यावर सराव करून झाला असेल, तर आज त्याच दोन टाक्यांवर जरा ऐटीचं काम करू या. नाताळ जवळ आलाय. कुणाच्या घरी नाताळ असेल, कुणाच्या शेजारी असेल. दिवाळीत तुमच्या घरचं फराळाचं ताट ज्यांच्याकडे गेलं, त्यांच्याकडून आता केक आणि नेवऱ्या येतील. मग आपणही काहीतरी हातानं केलेलं द्यायला नको का? मखमल, रेशीम आणि साटीन यांच्या तुकड्यांतून आज तीन वस्तू शिवायच्या आहेत : टांगायचा बदाम, भेटवस्तू घालून द्यायचा बटवा आणि बटव्यावर लावायचं फूल.

पण त्याआधी एक गोष्ट सांगते. गोष्ट कसली, माझीच फजिती!

मी तेव्हा सहावीत होते. आम्ही वसईला राहत होतो. डिसेंबर लागला की आमच्या आळीत घरोघरी चांदण्यांचे आकाशकंदील लागायचे आणि मुलं अंगणात गोठा रचायला घ्यायची. शेजारच्या घरातली मुलगी माझी जिवाची मैत्रीण. तिला नाताळात काहीतरी भारी द्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. भारी म्हणजे काय, तर रेशमी! आणि रेशीम कुठं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. आईच्या ट्रंकेत, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला तिच्या लग्नातला डाळिंबी शालू.

एका दुपारी आई बाजारात गेली होती. मी ट्रंक उघडली. मी काही अगदीच वेडी नव्हते हं! पदराला हात लावला नाही. साडीचं जे टोक कमरेला खोचलं जातं, तिथला तळहाताएवढा चौकोन कापला. तिथलं कुणाला दिसणार आहे, असा माझा हिशेब. मग तो तुकडा घेऊन मैत्रिणीच्या आईकडे, म्हणजे मावशींकडे गेले. त्या घरी मशीनवर शिवणकाम करायच्या. म्हटलं, "मावशी, याचा बदाम कसा शिवायचा ते शिकवा ना."

मावशींनी तुकडा बोटांत धरला, उलटा केला, उजेडात पाहिला आणि विचारलं, "बाळा, हे आईनं दिलं?"

मी गप्प. माझ्या गप्प बसण्यातच उत्तर होतं. मावशींनी चपला घातल्या, मला हाताला धरलं आणि थेट आमच्या घरी घेऊन आल्या.

मला वाटलं, आता पाठीत धपाटे! पण आई ओरडली नाही. तिनं शालू मांडीवर घेतला आणि त्या भोकाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत बसली. ते मला धपाट्यांपेक्षा जास्त लागलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मागितलं असतंस तर कदाचित मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला तर हवं होतंस."

मग मावशी म्हणाल्या, "ताई, द्या इकडे. रफू करून बघते." रफू कसं करतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नवा दोरा नाही घेतला त्यांनी. मी कापलेल्या तुकड्यातलेच धागे एकेक करून ओढून काढले आणि तेच भोकावर आडवे-उभे विणले. रंग तोच, चमक तीच. चार संध्याकाळी लागल्या. सुईत धागा ओवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. एवढासा चौकोन कापायला मला अर्धा मिनिट लागला होता. भरून काढायला किती वेळ लागतो, ते त्या चार दिवसांत कळलं.

आणि मैत्रिणीच्या भेटीचं काय? आईनंच तिचं बोचकं सोडलं. ब्लाउज शिवून उरलेल्या कापडातून तिनं हिरव्या रेशमाचा एक तुकडा काढून दिला आणि म्हणाली, "हा घे. हा तुझा." त्याचा बदाम शिवला. टाके वाकडेतिकडे होते, पण देताना मान वर करून देता आला.

तर मुलांनो, या सदराचा नियम पहिला : आधी विचारा, मग कातरा! पैठणी, शालू, आजीचं नऊवारी लुगडं यांना कात्री लावायची नाही, मग ते कितीही जुनं दिसो. भारी कापड हवं असेल, तर ते मिळायच्या जागा वेगळ्या आहेत. शिंपीकाकांच्या दुकानात ब्लाउज, शेरवानी, परकर-पोलक्यांच्या कातरणी उरतात. नीट विचारलं, तर बहुतेक काका मूठभर देतात. घरात ब्लाउजपीसचे तुकडे असतात, खणाची पट्टी असते, फाटलेल्या उशीची मखमल असते. आपल्याला लागणारा सगळ्यात मोठा तुकडा दोन वीत लांब असला की पुरे.

कापडांचे स्वभाव

माणसांसारखे कापडांनाही स्वभाव असतात. ते ओळखले की काम सोपं होतं.

मखमल : हिच्यावर बारीक लव असते. मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा हात फिरवा. एका दिशेनं मऊ लागेल, उलट दिशेनं खरखरीत. दिशा बदलली की रंगही गडद-फिका दिसतो. म्हणून सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून कापा. मखमलीला वरून इस्त्री केली तर लव चेपते आणि डाग पडल्यासारखं दिसतं. इस्त्री करायचीच, तर कापड जाड टॉवेलवर पालथं घालून मोठ्यांकडून हलक्या हातानं करून घ्या. शिवताना मखमल सरकते, तेव्हा आधी कच्चे टाके घालायला विसरू नका.

साटीन : साटीन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं नाव आहे, ठाऊक होतं? या विणीत धागे वरच्या बाजूला लांब मोकळे राहतात, म्हणून उजेड पडला की कापड चमकतं. पण म्हणूनच ते नखालाही अडकतं. हात धुऊन, नखं कापूनच कामाला बसा.

रेशीम आणि किनखाब : यांच्या कडांना भराभर दशा सुटतात. म्हणून कापताना शिलाईसाठी एक सेंटिमीटर जागा जास्त सोडा. टाचणीचं भोक कायमचं राहू शकतं, तेव्हा टाचणी अगदी कडेला, शिलाईच्या बाहेर लावा. दशा सुटू नयेत म्हणून कुणी मेणबत्तीवर कड भाजायला सांगेल. ते मुळीच करू नका! नायलॉनची कड वितळून चटका बसतो आणि रेशीम तर सरळ जळतं.

सुई बारीक घ्या. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. नऊ किंवा दहा नंबर चांगला.

एक : मखमली बदाम

पत्त्यांतला बदाम माहीत आहे ना? तोच आकार. डेन्मार्क देशात नाताळच्या झाडाला बदामाच्या आकाराच्या विणलेल्या कागदी परड्या टांगतात. कुरूप बदकाची गोष्ट लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसननं १८६० साली केलेली अशी एक परडी तिथं आजही जपून ठेवलेली आहे. आपण आपला बदाम कापडाचा करू.

१२ सेंटिमीटरचा चौकोनी कागद मधोमध दुमडा, घडीच्या बाजूनं अर्धा बदाम काढून कापा आणि उलगडा. झाला साचा! हा साचा ठेवून एक तुकडा मखमलीचा आणि एक रेशमाचा कापा. दोघांच्या सुलट बाजू आत येतील असे एकमेकांवर ठेवा. दहा-बारा सेंटिमीटरची रिबीन दुहेरी करून वरच्या खाचेत सरकवा. रिबिनीचा फास आत आणि टोकं बाहेर, हे लक्षात ठेवा. कच्चे टाके घाला. मग कडेपासून एक सेंटिमीटर आत उलट्या टिपेनं शिवत जा. एका सरळ बाजूला चार सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा.

आता महत्त्वाचं. वरच्या खाचेत शिलाईपर्यंत, पण शिलाई न कापता, एक छेद द्या. गोलाईवर लहान लहान छेद द्या. खालचं टोक थोडं छाटा. छेद दिले नाहीत, तर सुलट केल्यावर बदामाचा बटाटा होतो! सुलट करा, कापूस किंवा बारीक कातरणी भरा आणि मोकळी जागा लहान टाक्यांनी बंद करा. टांगताना विजेच्या दिव्याला किंवा मेणबत्तीला कापड लागणार नाही, असं टांगा.

दोन : रेशमी बटवा

भेट द्यायला बटवाच का? त्यालाही एक कथा आहे. संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानात आहे. असं सांगतात, की त्यांच्या शेजारी एक गरीब बाप होता आणि त्याला तीन मुली होत्या. लग्नासाठी पैसा नव्हता. निकोलस यांनी रात्रीच्या वेळी, कुणाला न कळू देता, खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. एकेका मुलीसाठी एकेक, अशा तीन पुरचुंड्या. आज आपण ज्याला सांताक्लॉज म्हणतो, त्याचं मूळ या निकोलसांपाशी जातं. म्हणजे कापडी पुरचुंडी ही नाताळच्या भेटीची जुनीच रीत म्हणायची. शिवाय रंगीत कागद फाडून फेकला जातो. बटवा मात्र पुढे कानातले, गोट्या, नाणी ठेवायला वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

१६ सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर लांब पट्टी कापा.

१. पट्टीच्या चारही कोपऱ्यांपाशी लांब बाजूची कड एक सेंटिमीटर उलट बाजूला दुमडा आणि टोकापासून सहा सेंटिमीटरपर्यंत धावदोऱ्यानं पक्की करा.

२. दोन्ही आखूड बाजू आधी अर्धा सेंटिमीटर आणि मग अडीच सेंटिमीटर आत दुमडून शिवा. हे झाले दोन नेफे. परकराला असतो तसा नेफा, नाडी ओवायला.

३. सुलट बाजू आत ठेवून पट्टी मधोमध दुमडा. खालून वर, नेफ्याच्या अलीकडेपर्यंत, दोन्ही बाजू उलट्या टिपेनं शिवा. नेफ्याची तोंडं शिवायची नाहीत बरं का!

४. सुलट करा. ४५ सेंटिमीटरच्या दोन नाड्या घ्या. सेफ्टी पिनेनं एक नाडी डावीकडून घालून दोन्ही नेफ्यांतून फिरवून परत डावीकडे आणा आणि गाठ मारा. दुसरी तशीच उजवीकडून. दोन्ही बाजूंनी ओढलं की बटव्याचं तोंड बंद!

तीन : साटीनचं फूल

दहा सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा. एखादी वाटी पालथी घालून काढला तरी चालेल. कड थोडी आत दुमडत गोलाला धावदोरा घाला. दोरा ओढा, म्हणजे चुण्या पडून मध्ये तोंड मिटेल. गाठ मारा, हातानं चपटं करा आणि मध्ये एक मोती किंवा जुनं बटण लावा. साधारण साडेचार-पाच सेंटिमीटरचं फूल होतं. ते बटव्याच्या पोटावर टाका, नाही तर नाडीच्या गाठीवर.

काम संपलं की सुया मोजा. जितक्या घेतल्या तितक्याच डबीत गेल्या पाहिजेत. घरात लहान बाळ रांगत असेल, तर दोनदा मोजा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलांनी विचारलं, तर एखादा चांगला तुकडा त्यांना जरूर द्या. "हे नको, ते नको, हा घे फाटका पंचा" असं दरवेळी झालं, तर चांगल्या कापडाला हात लावायची भीती बसते, नाही तर माझ्यासारखी ट्रंक उघडायची बुद्धी होते. तुकडा देताना तो कशातला आहे, कधी घेतला, कोणी नेसलं होतं, तेही सांगा. आणि शिवण वाकडी आली, तर उसवून स्वतः शिवू नका. उसवायचं असेल, तर त्यांनाच उसवू द्या.

तो डाळिंबी शालू आता माझ्याकडे आहे. खोचायचं टोक खिडकीशी धरलं, की रफू केलेला चौकोन थोडा दाट दिसतो. माझ्या भाचीनं परवा विचारलं, "मावशी, इथं काय झालंय गं?" तिलाही हीच गोष्ट सांगितली. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग मला बदामासाठी कापड देतेस का?" विचारलंन ना तिनं! दिलं लगेच, माझ्या बोचक्यातलं.

तुमचा बदाम कसा झाला, कापड कुणाकडे मागितलंत आणि मिळालं की नाही, ते पत्रानं नक्की कळवा. 'नाही' म्हणाले असतील, तर तेही लिहा. पुढच्या वेळी आपण रफूचे पहिले धडे घेणार आहोत. एक जुना मोजा शोधून ठेवा. आणि हो, तो कुणाचा आहे, ते आधी विचारा!

तुमची,
सुई-दोरावाली मावशी