राडारोड्याची खडी मुरघासाच्या कामी यावी

पुण्या-मुंबईत जुन्या इमारती पाडल्या जातात आणि त्यांचा राडारोडा रातोरात नदीकाठी, ओढ्यात नाहीतर गायरानात टाकला जातो. त्याच शहरांना दूध पुरवणाऱ्या गावांत मुरघासाच्या, म्हणजे आंबवून साठवलेल्या चाऱ्याच्या, पक्क्या बंकरसाठी मात्र डोंगर फोडून काढलेली खडी लागते. हा दुहेरी नाश थांबवता येतो. केंद्राच्या २०२५ च्या नियमांनी २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली असून अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली आहे. मात्र या प्रक्रिया केलेल्या खडीला हक्काचे गिऱ्हाईक हवे. गोठे आणि चारा साठवण हे असे गिऱ्हाईक होऊ शकते.

शास्त्राची याला आडकाठी नाही. भारतीय मानक ३८३ नुसार जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे चालते.

पण मुरघास आंबतो. त्याचा सामू चारच्या आसपास उतरतो आणि त्यातून झिरपणारे आम्लयुक्त पाणी सिमेंटमधला चुना खाते. पुनर्वापराच्या खडीला जुना सिमेंटचा मसाला चिकटलेला असल्याने ती पाणीही जास्त शोषते. म्हणून ही खडी आधी भिजवून पायात आणि तळाच्या भरावात वापरावी. चाऱ्याला भिडणारा थर मात्र नव्या खडीचा, राखमिश्रित किंवा स्लॅगच्या सिमेंटचा आणि कमी पाण्यात घट्ट बसवलेला असावा. तळाला उतार आणि पाण्याला नाली हवीच.

राडारोड्यात जिप्सम, रंग, ॲस्बेस्टॉसचे पत्रे मिसळलेले असतात. जनावराच्या पोटात गेलेले दुधात उतरू शकते. त्यामुळे वर्गवारी आणि तपासणीचा दाखला नसलेला माल गोठ्यापर्यंत जाता कामा नये. शहराने नको असलेले गावाच्या माथी मारणे म्हणजे पुनर्वापर नव्हे.

राज्य सरकारने मुरघास बंकरच्या अनुदानाच्या अंदाजपत्रकात या खडीचा दर आणि प्रत नोंदवावी. महापालिकांनी प्रक्रिया केंद्रांतून ती जवळच्या तालुक्यांना द्यावी. लांबच्या वाहतुकीत डिझेलच सगळा फायदा खाते. पहिले बंकर कृषी विद्यापीठे आणि दूध संघांच्या आवारात बांधून त्यांची झीज दोन हंगाम मोजावी आणि निष्कर्ष शेतकऱ्यांसमोर ठेवावेत. खात्री पटली, तर शेतकरी ही खडी मागून घेईल. ती खात्री देणे सरकारचे काम आहे.