दावणीचा बैल आणि वर्गातला बैल

मराठीच्या वर्गात बैल येतो तो प्रतीक होऊनच. कष्टाचे प्रतीक, मुकेपणाचे प्रतीक, कुणब्याच्या घरातल्या थोरल्या लेकाचे प्रतीक. ग्रामीण साहित्यावरचा कोणताही प्रश्न असो, ‘मुक्या जनावरावरील निस्सीम प्रेम’ हे उत्तर चालते आणि गुणही मिळवून देते. माझी तक्रार या उत्तराबद्दल आहे. कारण हीच समजूत वर्गाबाहेर पडली की कायद्याचे रूप घेते, आणि त्या कायद्याची किंमत ज्याच्या दावणीला खरोखर बैल आहे त्याला मोजावी लागते.

म्हसवडचे उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतले, माणगंगेच्या काठचे, सिद्धनाथाचे गाव. खिल्लार गोवंशाचा एक प्रकार या गावाच्या नावाने ओळखला जातो, दुसरा शेजारच्या आटपाडीच्या. थोडक्या वैरणीवर आणि रणरणत्या उन्हात टिकणारे हे जनावर माणदेशाच्या मातीने आणि माणसांनी मिळून घडवले. ते घडले भक्तीने नव्हे, बाजाराने. आदत खोंड घ्यायचा, कामाला लावायचा, दाती लागला की चढ्या भावाने विकायचा; जोडी थकू लागली की ती काढून, पदरचे पैसे घालून नवी आणायची. रुमालाखाली बोटे धरून होणाऱ्या सौद्यांच्या या साखळीत प्रत्येक वयाच्या बैलाला गिऱ्हाईक होते. शेवटच्या गिऱ्हाइकाचे नाव घरात कोणी उच्चारत नसे. पण त्याने मोजलेले पैसे नव्या खोंडाच्या किमतीत धरलेले असत. हे अर्थशास्त्र होते आणि त्यात प्रेमही होते. या दोहोंत विरोध आहे असे फक्त ज्यांच्याकडे गोठा नाही त्यांनाच वाटते.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, बंदी मात्र कायम ठेवली. साखळीची शेवटची कडी अशी तुटली. थकलेला बैल काल ठेव होता, तो आज देणे झाला. २०१२ ची पशुगणना राज्यातला गोवंश सुमारे १.५५ कोटी सांगते, २०१९ ची सुमारे १.४० कोटी. म्हणजे ज्या काळात गोवंशाचा जयजयकार सर्वांत मोठा होता, त्याच काळात तो दहा टक्क्यांनी घटला.

‘ट्रॅक्टरने बैल घालवला, कायद्याने नव्हे,’ असे कोणी म्हणेल. ट्रॅक्टरचा वाटा मोठा आहेच, दुष्काळाचाही आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कामाची गरज कमी होत असताना विक्रीचीही वाट बंद करणे म्हणजे बुडत्याच्या हातातली काडी काढून घेणे. खिल्लाराला उरलेला एक भाव शर्यतीचा. तीही २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, डिसेंबर २०२१ मध्ये मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये तिच्यासाठीचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत खोंड सांभाळायचा कशाच्या जोरावर, हे कोणी सांगितले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या शिपायांसाठी होणाऱ्या गायबैलांच्या कत्तलीला विरोध केला होता, हे खरे आहे. पण त्यांची चिंता काय होती? शेतकऱ्याजवळ औताला बैल उरत नाहीत, आणि जंगल खात्याने चराऊ राने बळकावल्यामुळे जनावरांना तोंड टाकायला जागा नाही. त्यांनी हिशेब कुणब्याच्या बाजूने मांडला. त्यांचे नाव घेऊन हिशेबच मोडीत काढणाऱ्यांनी ते पुस्तक पुन्हा वाचावे.

प्रेम पाहायचे तर चारा छावणीत पाहावे. २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ साली म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने छावणी चालवली. घरदार सोडून माणसे महिनोन् महिने जनावरांशेजारी पालांत राहिली; बायकांनी पाणी वाहिले, शेण काढले, तिथेच चुली मांडल्या. या माणसांना गोप्रेमाचे धडे कोण देणार? ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता’ घोषित केले. त्याच वेळी दर गाईमागे दिवसाला ५० रुपयांचे अनुदानही ठरले. पण ते गोशाळांना. छावणीत रात्र काढणारीला नाही. आईचा मान गाईला, सांभाळाचा पैसा संस्थेला, आणि भाकड जनावर शेतकऱ्याच्या दारात.

ही गोष्ट आपल्यापुरती नाही. १९२६ साली मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांच्या गुरांविषयीच्या ओढीचे एका ‘गोसंकुला’च्या रूपात वर्णन केले. पुढे प्रशासकांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला : या लोकांचे गुरांवरचे प्रेम अडाणी आहे, कळप कमी करा. त्यानंतर मसाईंची कुरणे अभयारण्यांत गेली. २०२२ साली टांझानियातील लोलिओंडोत हद्दीचे खांब रोवताना पोलिस आणि गुराखी समोरासमोर आले. तिथे प्रेम जास्त म्हणून दंड, इथे प्रेम कमी म्हणून दंड. दोन्हीकडे गुरे राखणाऱ्याला आपला हिशेब कळतो, एवढे मात्र कोणी मान्य करत नाही.

आता पुन्हा वर्गात येऊ. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आपण ‘प्रादेशिकता’ या मथळ्याखाली शिकवतो. तिच्या शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो. जनावर जगेना म्हणून माणूस गाव सोडतो. हे प्रतीक नाही, हा जमाखर्च आहे. शिक्षकांना माझी विनंती एवढीच : पुढच्या वर्षी वर्गात बैल आला, तर तो कशाचे प्रतीक आहे हे विचारण्याआधी त्याची किंमत काय, तो कोणाच्या वैरणीवर जगतो आणि म्हातारपणी कोणाच्या दारात उभा राहणार आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. गुण कमी मिळाले तरी चालतील.