शहजादीची मैत्रीण

परीकथा म्हणजे मुलांची करमणूक, असे आपल्या घरांतून सर्रास म्हटले जाते. मीर हसन यांची ‘सिहरुल बयान’ ही उर्दू मसनवी वाचली की हा समज टिकत नाही. १७८५ च्या सुमारास अवधमध्ये पूर्ण झालेली ही प्रेमकथा मोठ्यांसाठीच आहे.

गच्चीवर झोपलेल्या शहजादा बेनजीरवर माहरुख परीचा जीव जडतो व ती त्याला उचलून नेते. मन रमावे म्हणून कळ फिरवताच उडणारा घोडा देते. त्या घोड्यावरून तो एका बागेत उतरतो आणि शहजादी बद्रे-मुनीरच्या प्रेमात पडतो. हे कळताच परी त्याला विहिरीत कोंडते.

विद्यार्थिदशेत आम्हाला घोड्याचेच कौतुक होते. चाळिशीनंतर नजर थांबली ती वजीराची मुलगी नजमुन्निसा हिच्यावर. शहजादी झुरत बसते. ही मात्र जोगिणीचा वेश घेऊन, बीन वाजवत एकटी रानात निघते. जिन्नांचा शहजादा फिरोजशाह तिच्यावर भाळतो, तेव्हा ती आधी बेनजीरची सुटका मागते, मग स्वतःच्या सुखाचे पाहते.

वाचकहो, परीचेही प्रेमच होते, पण कोंडून ठेवणारे. लेकीने परगावी शिकायला जायचे म्हटले, तेव्हा ‘तुझ्यावर जीव आहे म्हणून’ असे सांगत आम्हीही नकार दिला होता. गेल्या आठवड्यात तो मागे घेतला. तिची बॅग भरताना ही मसनवीही आत ठेवली आहे.