तळाचा सूर

मैत्रिणींनो, आमटी छान झाली की घरातली माणसं आमटीचं कौतुक करतात. ‘मीठ अगदी बेताचं पडलंय हं’ असं कुणी म्हणत नाही. मिठाची आठवण होते ती फक्त ते घालायला विसरल्यावर! गाण्यातही अशीच एक मिठासारखी गोष्ट असते. तिचं नाव बेस गिटार. दिसायला नेहमीच्या गिटारसारखीच. पण तारा बहुधा चारच, जाडजूड, आणि आवाज खालच्या पट्टीतला, घुमणारा. गायकाचा गळा आपल्याला ऐकू येतो, पण त्या गळ्याखाली जमीन धरून ठेवते ती ही बेस. ती काढून घेतली तर गाणं लंगडं पडतं. काय कमी झालं ते मात्र चटकन सांगता येत नाही.

आज ओळख करून द्यायची आहे ती हे वाद्य वाजवून तीन मुलांचा संसार चालवणाऱ्या एका अमेरिकन बाईची. तिचं नाव कॅरल केय.

कॅरलचा जन्म 24 मार्च 1935चा, वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट गावचा. आईवडील दोघंही वादक. आई पियानो वाजवायची, वडील ट्रॉम्बोन. पण वादकाच्या घरात सूर भरपूर असले तरी पैसा असतोच असं नाही. 1942 साली कुटुंब कॅलिफोर्नियातल्या विल्मिंग्टनला आलं. पुढे आईवडील वेगळे झाले. कॅरल तेरा वर्षांची असताना आईनं तिच्या हातात गिटार दिली, आणि पोरगी चौदाव्या वर्षी इतरांना शिकवून पैसे मिळवू लागली! आपल्याकडे शिकवण्या करून घराला हातभार लावणाऱ्या मुली काही कमी नाहीत. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे अल केय या वादकाशी तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि ते लग्न मोडलं. पदरी दोन मुलं, शिवाय आईची जबाबदारी. दिवसा टायपिस्टची नोकरी करायची आणि रात्री लॉस एंजेलिसच्या क्लबांमधून जॅझ संगीत वाजवायचं, असा तिचा दिनक्रम होता. 1957 साली बम्प्स ब्लॅकवेल नावाच्या निर्मात्यानं तिचं वादन ऐकलं आणि सॅम कुक या गायकाच्या ध्वनिमुद्रणासाठी बोलावलं. जॅझ सोडून असल्या कामाला जायचं म्हणजे आपल्या कलेला बट्टा, असं मानणारी मंडळी तेव्हा पुष्कळ होती. पण स्टुडिओतल्या थोड्या तासांचे पैसे क्लबातल्या रात्रींपेक्षा बरे होते, आणि घरी मुलं होती. कॅरल गेली. दुसऱ्याच वर्षी, 1958 साली, रिची व्हॅलेन्सच्या गाजलेल्या ‘ला बाम्बा’मध्ये तिची गिटार वाजली.

तुम्ही म्हणाल, यात बेस कुठे आली? ती आली 1963 साली. हॉलिवुडमधल्या कॅपिटल कंपनीच्या एका ध्वनिमुद्रणाला बेस वाजवणारा वादक आलाच नाही. हाताशी कोण, तर कॅरल. तिनं बेस उचलली आणि वेळ निभावून नेली. मग तिच्या लक्षात आलं, की यात स्वतःचं डोकं चालवायला जास्त वाव आहे. आणि दुसरी गोष्ट खास बायकी हिशेबाची! गिटारवाल्याला एकेका कामाला तीन-तीन, चार-चार प्रकारच्या गिटारी वाहून न्याव्या लागत. बेस मात्र एकच. उचलावी आणि निघावं.

हे काम कसं चालायचं तेही सांगते. एक बैठक तीन तासांची. मोबदला वादकांच्या युनियननं ठरवलेला. तेवढ्या वेळात तीन-चार गाणी सहज उरकायची. पुढ्यात कागद यायचा, कधी स्वर लिहिलेले, कधी नुसत्या खुणा. त्यावरून लगेच वाजवायचं. चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! सकाळी एक स्टुडिओ, दुपारी दुसरा, रात्री तिसरा, असे दिवस तिनं काढले. वाद्याचा आवाज फार घुमू नये म्हणून तारांवर फेल्टची पट्टी लावायची तिची युक्ती होती. बोटांऐवजी नखीनं वाजवायची, म्हणून सूर कसा स्वच्छ, टोकदार यायचा. साधी युक्ती, पण अनुभवातून आलेली.

अशा हजारो बैठका तिनं केल्या. आकडा दहा हजारांच्या घरात सांगतात. 1966चं ‘बीच बॉइज’चं ‘पेट साउंड्स’, 1968चं ग्लेन कॅम्पबेलचं ‘विचिटा लाइनमन’, 1969चं जो कॉकरचं ‘फीलिन ऑलराइट’, सगळीकडे कॅरलची बेस आहे. ‘मिशन इम्पॉसिबल’ या दूरदर्शन मालिकेच्या सुरुवातीचं ते छाती धडधडवणारं संगीत तर तुमच्या मुलांनीही ऐकलं असेल. त्यातही तीच. बहुतेक वेळा खोलीभर पुरुष वादक आणि त्यांच्यात ही एकटी बाई. पण सुराला बाई-पुरुष नसतो, तो नीट वाजतो किंवा वाजत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

आता खरी मेख ऐका. तबकडीच्या वेष्टनावर ज्यांचा फोटो, त्यांनीच ती वाद्यं वाजवली असतील अशी ऐकणाऱ्यांची समजूत. स्टुडिओतल्या वादकांची नावं त्या काळी सहसा छापलीच जात नसत. सोनी आणि शेर या जोडप्याचं ‘द बीट गोज ऑन’ 1967 साली गाजलं. मुळात ते एकाच स्वरसमूहावर फिरणारं, जरा सपक. कॅरलनं तळाच्या ओळीचे काही प्रकार वाजवून दाखवले. त्यातला एक सोनींना पसंत पडला, आणि तीच ओळ त्या गाण्याची ओळख ठरली. गाण्याचा कर्ता म्हणून नाव लागलं सोनी बोनो यांचं. कॅरलला मिळाली तिच्या बैठकीची ठरलेली मजुरी.

यावर आपण हळहळतो. पण कॅरलच्या आयुष्यात हळहळीपेक्षा हिशेब जास्त दिसतो. नाव नाही मिळालं, पण दाम चोख घेतला, आणि त्यात तीन मुलं वाढवली. श्रेय दुसऱ्याचं असेल तर तेही तिनं मोकळेपणानं दिलं. ‘बीच बॉइज’च्या ब्रायन विल्सननं बेसचे स्वर स्वतः लिहून आणलेले असत, हे ती आवर्जून सांगते. 1969 साली आपल्याजवळचं ज्ञान तिनं पुस्तकात उतरवलं. ‘इलेक्ट्रिक बेस कशी वाजवावी’ हा त्याचा विषय. ते छापलं स्वतःच्याच प्रकाशन संस्थेतर्फे! त्याच सुमाराला काम अंगावर येऊ लागलं, मन विटलं, तेव्हा काही काळ थांबण्याचा शहाणपणाही तिनं केला. पुढे ती पुन्हा वाजवू लागली आणि शिकवू लागली.

नाव झालं ते फार उशिरा. 2020 साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं पन्नास थोर बेसवादकांची यादी केली, त्यात कॅरल पाचवी. 2025 साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नं तिचा सन्मान जाहीर केला. वय वर्षं नव्वद. आपण असतो तर ठेवणीतली पैठणी काढून बसलो असतो! कॅरलनं मात्र समारंभाला यायला साफ नकार दिला. तिचं म्हणणं असं, की स्टुडिओचं काम एकट्याचं नसतं, ते अख्ख्या चमूचं असतं, आणि त्या काळी हॉलिवुडमध्ये साडेतीनशे-चारशे वादक ते करत होते. शिवाय त्या वादकांना ‘रेकिंग क्रू’, म्हणजे मोडतोड करणारी टोळी, हे नाव पडलं. ढोलवादक हॅल ब्लेन यांच्या 1990च्या पुस्तकामुळे ते रूढ झालं. हे नाव तिला अपमानाचं वाटतं. आम्ही मोडणारे नव्हतो, असं ती ठणकावून सांगते.

मला तिची ही गोष्ट फार पटली. बिनश्रेयाचं काम करणाऱ्या बाईला उशिरा का होईना कुणी शाल-श्रीफळ दिलं की तिनं हरखून जावं, अशी जगाची अपेक्षा असते. पण आपल्या कामाला दुसऱ्यानं भलतं नाव दिलं तर ‘नको’ म्हणण्याचा अधिकारही तिचाच. कुणी आपल्याला सहज म्हणतं, ‘ही काय, घरीच असते!’ तेव्हा आपणही हसून गप्प बसतो. तिथं हसू नये. काय काय करतो ते शांतपणे, मोजून सांगावं. भांडण नको, पण हिशेब हवा.

आणि हो, रेडिओवर कुठलंही आवडतं गाणं लागलं, की एकदा गायिकेचा गळा बाजूला ठेवून खाली कान लावा. तळाशी काहीतरी संथपणे चालत असेल. तिथंही कुणीतरी बसलेलं आहे.