उताराचा अंदाज

दहावीच्या निकालातला मुलगे आणि मुली यांच्यातला फरक दरवर्षी एकाच मथळ्यात संपवला जातो: ‘यंदाही मुलींची बाजी’. १३ मे २०२५ रोजी लागलेल्या राज्य मंडळाच्या निकालात मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण ९६.१४ टक्के आणि मुलग्यांचे ९२.३१ टक्के होते. आदल्या वर्षी हेच आकडे ९७.२१ आणि ९४.५६ होते. एका वर्षात दोघांतले अंतर २.६५ वरून ३.८३ वर गेले. मुलगे इतके मागे का पडले, हा त्या आठवड्याचा प्रश्न असायला हवा होता. त्याऐवजी पेढे वाटताना आणि पेढे न वाटताना जुनीच दोन वाक्ये ऐकू आली. ‘मुली मेहनती असतात.’ ‘पोरगा हुशार आहे हो, पण अभ्यासच करत नाही.’

ही वाक्ये नीट ऐकण्यासारखी आहेत. मुलीला यश मिळाले तरी बुद्धीचे श्रेय मिळत नाही आणि मुलगा नापास झाला तरी त्याची हुशारी अबाधित राहते. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या मुलांना ‘खूप खूप हुशार’ माणूस ओळखायला सांगितले, तेव्हा मुलगे आणि मुली दोघेही आपापल्या बाजूचा माणूस निवडत होते. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींची ही निवड कमी होऊ लागली. सहावे वर्ष म्हणजे पहिलीचा वर्ग. दहावीचा निकाल त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी लागतो आणि तेव्हा तीच मुलगी ‘मेहनती’ ठरते.

अशी समजूत घरात कशी रुजते, हे दाखवणारा सर्वांत बोलका प्रयोग रांगण्याचा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०००च्या सुमारास मांडला. अकरा महिन्यांची बाळे घेतली आणि उतार कमी-जास्त करता येईल अशी वाट तयार केली. बाळाला रांगायला लावण्याआधी प्रत्येक आईला विचारले, तुमचे बाळ किती तीव्र उतार उतरू शकेल आणि किती तीव्र उतारावर जाण्याचे धाडस करेल? आईने उत्तर दिल्यावर लगेच बाळाला त्याच वाटेवर सोडले. मुलग्यांच्या आयांनी अंदाज जास्त बांधला होता, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुलगे आणि मुली सारखेच रांगले. कौशल्यात फरक नव्हता आणि धाडसातही नव्हता.

हे अंदाज बांधणाऱ्या बायका परक्या नव्हत्या. अकरा महिने त्या बाळाला उचलत होत्या, पडताना सावरत होत्या, रोज रांगताना बघत होत्या. इतक्या जवळून बघणाऱ्या डोळ्यालाही समोरचे बाळ दिसण्याआधी मुलगा किंवा मुलगी दिसली. त्यांच्या मायेत काही कमी होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. माया पुरेशी असूनही नजर चुकते, एवढेच इथे सिद्ध होते.

या प्रयोगाची अर्धी बाजू नेहमी सांगितली जाते: मुलीला कमी लेखले जाते, तिच्यासमोर हात आधीच आडवा येतो. ते खरेच आहे. पण उरलेली अर्धी बाजूही तितकीच गंभीर आहे. ज्या उतारावर मुलगा घसरणार असतो, तिथे आईला तो उतरेल असे वाटते, म्हणजे हात हवा तेव्हा तो जागेवर नसतो. मुलीवरचे बंधन डोळ्यांना दिसते, म्हणून त्यावर बोलले जाते. मुलाला न मिळालेला आधार दिसत नाही, आणि त्याला ‘मोकळीक’ असे चांगले नावही मिळालेले असते.

महाराष्ट्रातल्या घरांत हा उतार जागोजागी आहे. मुलगी सायकल शिकते तेव्हा बाप कॅरियर धरून शेवटपर्यंत मागे धावतो. मुलगा शिकतो तेव्हा ‘पडल्याशिवाय येत नाही’ म्हणून हात लवकर सुटतो. गावाकडे पाठीला डबा बांधून मुलाला विहिरीत ढकलले जाते आणि त्याची बहीण काठावर कपडे सांभाळत उभी असते. तिला पोहता येत नाही याचे कोणाला वाईट वाटत नाही. तो पाण्याला घाबरतो हे तर कोणाला कळतही नाही, कारण तसे म्हणायची त्याला सोय नसते.

दहावीनंतर उताराची जागा महाविद्यालयाचे अंतर घेते. बारा किलोमीटरवरचे कनिष्ठ महाविद्यालय मुलीला झेपेल का, याचा विचार तिच्या गुणांआधी होतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बस ज्या तालुक्यांत मुलींसाठी धावतात, तिथे हा प्रश्न बसच्या वेळापत्रकाने सुटतो. अडचण रस्त्याची होती, मुलीच्या कुवतीची नव्हती, हे त्यातून उघड होते. जिथे तो सुटत नाही तिथे लग्नाची बोलणी सुरू होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते.

मुलाच्या बाबतीत याच वयातला चुकीचा अंदाज वेगळा असतो. आठवीपासून त्याला बीजगणित समजलेले नसते. ‘करेल ऐनवेळी’ म्हणून दोन वर्षे जातात. वर्गात वाचताना तो अडखळतो, तर तेही खोडकरपणा समजले जाते. बोलायला उशिरा लागणे आणि वाचनातल्या अडचणी मुलग्यांत तुलनेने अधिक आढळतात. तरीही खोड्यांची शिक्षा आधी होते आणि वाचनाची तपासणी नंतर, कित्येकदा होतच नाही. उलट, लक्ष न लागण्याचा त्रास असलेली मुलगी खिडकीबाहेर बघत शांत बसते, म्हणून ती कोणाच्याच नजरेत भरत नाही.

रडण्याचा अर्थही असाच आधी ठरलेला असतो. १९७६ साली अमेरिकेत २०४ स्त्री-पुरुषांना नऊ महिन्यांच्या एकाच बाळाचे चित्रण दाखवले. डबीतून उसळी मारून वर येणारे खेळणे बघून बाळ अस्वस्थ होते. बाळ मुलगा आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांना त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला आणि मुलगी आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांना भीती. घाबरलेल्या बाळाला जवळ घेतात, रागावलेल्याला आपोआप शांत होऊ देतात. ‘मुलीसारखा काय रडतोस’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडण्याच्या कितीतरी आधी ही वाटणी झालेली असते.

शरीराचे खरे फरक मात्र आहेत आणि ते नाकारून कोणाचेही भले होत नाही. मुली साधारण एक ते दोन वर्षे आधी वयात येतात, म्हणून सहावी-सातवीच्या एकाच बाकावर दोन वेगळी वये बसलेली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयाचे आढळले. पाळीमुळे मुलीला लोह जास्त लागते, म्हणून तिच्या ताटात हिरवी भाजी, मटकी, अंडे अधिक हवे. शेवटची भाकरी आणि तळाची भाजी तिच्या वाट्याला येते ती या गरजेच्या बरोबर उलट. फरक ओळखायचा तो इथे ओळखायला हवा, आणि नेमका इथेच तो विसरला जातो. एकतीस टक्के मुलगे रक्तक्षयी आहेत, हेही त्याच तक्त्यात आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी दोघांसाठी आहे.

पोळपाटाचा विषय इथेही टाळता येत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रे बदलली आणि आईबरोबर भाजी निवडणारे वडील दाखवले. चित्र बदलले ते चांगलेच झाले, पण स्वयंपाकघरातला हात बदलायला घरचीच माणसे लागतात. यात मुलीचे श्रम जातात एवढेच नुकसान नाही. कुकर लावणे, भांडी विसळणे, आजीला औषध देणे ही कामे ज्या मुलाने कधी केली नाहीत, त्याला रोज थोडे थोडे करून काम पुरे करण्याची सवय लागत नाही. अभ्यासही तसाच व्हावा लागतो. ३.८३ टक्क्यांच्या त्या अंतरात या न लागलेल्या सवयीचा वाटा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधाराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या १,७०,९२४ व्यक्तींपैकी सुमारे ७२ टक्के पुरुष होते. प्रत्येक घटनेमागे कर्ज, आजार, नाती अशी अनेक कारणे गुंतलेली असतात आणि ती सगळी संगोपनावर ढकलणे चूक ठरेल. तरीही ‘मला जमत नाही’ हे वाक्य लहानपणी ज्याच्या तोंडून कधी ऐकून घेतलेले नसते, त्याला ते तिशी-चाळिशीत म्हणता येणे अवघड असते. मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या शाळांत ‘जेम्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात सहावी-सातवीतली मुले आणि मुली एकत्र बसून घरातली कामे, मारहाण, वयात येणे यांवर बोलत होती. ‘मावा’ ही मुंबईची संस्था १९९३ पासून पुरुषांशी याच विषयांवर बोलते आहे. अशी कामे थोडी आहेत आणि ती शाळेच्या वेळापत्रकात कायमची यायला हवीत.

निकालानंतर घरोघरी अकरावी प्रवेशाची बोलणी सुरू होतात. मुलीच्या अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम गुणांप्रमाणे लावावा आणि अंतराचा विचार बसची वेळ विचारून मग करावा. नापास झालेल्या मुलाची पुरवणी परीक्षा लवकरच असते. तोवर रोज संध्याकाळी तासभर त्याच्या शेजारी गणिताचे पुस्तक उघडून कोण बसणार, हे निकालाच्याच आठवड्यात ठरवावे लागते.