बॅग भरायची कुणी?

प्रवासाला सामान कमी न्यावं, हे सगळ्यांना पटतं. तरीही मुंबईची पुष्पक एक्सप्रेस लखनौला लागली की आपली मंडळी चार माणसांत अकरा नग घेऊन उतरतात. दोष हौसेला देतात. मला तो पटत नाही. आपल्याकडे जो बॅग भरतो तो ती उचलत नाही, आणि जो उचलतो त्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं. सगळा घोळ इथे आहे.

फौजेतही हा रोग जुना. एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लष्करी लेखकाने 1950 मध्ये सैनिकाच्या ओझ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. मार्शलच्या इतर आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली, पण हा मुद्दा कुठल्याही पायदळवाल्याला पटेल: मागे बसलेला साहेब 'असू दे, लागेल' म्हणत यादी वाढवतो आणि वाहतो पुढचा जवान.

हे शिकायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त दिली आहे. दसऱ्याला कूच, निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंचा जाबता, परतल्यावर झडती. बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर नेण्यास मनाई. हेतू लुटीचा हिशेब ठेवण्याचा होता हे खरं, पण त्या निमित्ताने आपल्याजवळ काय आहे ते शिपायाला मोजून दाखवावं लागे.

मराठ्यांचीच फौज 1760 मध्ये उत्तरेत आली, तेव्हा लढणाऱ्यांबरोबर कुटुंबं, यात्रेकरू आणि दुकानदारांचा लोंढा होता. सूरजमल जाटाने सांगून पाहिलं की जड सामान आणि बायकामुलं मागे ठेवा, हलक्या फौजेने लढा. भाऊसाहेबांनी ऐकलं नाही. पानिपत केवळ सामानामुळे गेलं असं मी म्हणणार नाही. मी जिथे बसून हे लिहितोय त्या अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला, हेही होतंच. पण 14 जानेवारी 1761 च्या सकाळी आपली माणसं उपाशी लढायला निघाली, आणि त्या अन्नाला मागे किती तोंडं होती याचा विचार करा. 'बाजारबुणगे' हा शब्द आपण अजून शिवीसारखा वापरतो. घरून निघताना मात्र विसरतो.

आता आजचं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदारसाहेब इथल्या कमांड हॉस्पिटलमध्ये दाखवायला म्हणून साताऱ्याकडून आले. बॅगा सुनेने प्रेमाने भरल्या, नातवाने डब्यात चढवल्या. झाशी गेल्यावर, पहाटेच्या अंधारात, त्यांच्या छातीत दुखू लागलं. जिभेखाली ठेवायची गोळी तीन बॅगांपैकी एकीत होती, आणि कुठल्या, ते त्यांना माहीत नव्हतं. ती बॅग पलीकडच्या बर्थखाली, लाडवांच्या डब्यामागे निघाली. गोळी मिळाली, साहेब ठीक आहेत. पण ज्या माणसाने आयुष्यभर अंधारात चाचपून आपली रायफल जोडली, त्याला आपली गोळी सापडू नये? सुनेला बोल लावू नका. सत्तरी गाठलेल्या माणसालाही स्वतःची पिशवी स्वतः भरता येते. आपण प्रेमापोटी त्याच्याकडून ते काम काढून घेतो.

आम्ही अधिकारी लोकही कमी नाही. 'बदलीचा हुकूम आला की दोन दिवसांत घर बांधून तयार' अशी फुशारकी पार्टीत नेहमी ऐकू येते. बांधतं कोण? सहायक आणि बायको. साहेब हातात एक ब्रीफकेस घेऊन निघतात आणि 'ट्रॅव्हल लाइट'वर भाषण देतात.

खडकवासल्याला आम्हाला घड्या घालण्यापेक्षा वेगळं काही शिकवलं. पट्टी परेड ज्यांनी भोगली त्यांना माहीत आहे: दोन मिनिटांत ड्रिलचा वेष उतरवून पीटीचा, मग परत तिसराच. कपाट कितीही सुंदर लावलेलं असो, मोजा कुठे आहे हे हाताला माहीत नसेल तर संपलं. पाठीवरच्या सामानाचंही तेच. अंगावर जे आहे त्यावर जीव अवलंबून, छोट्या पॅकमध्ये आजची रात्र, आणि मोठा पॅक हरवला तरी काम चाललं पाहिजे. घरगुती प्रवासात अंगावर म्हणजे औषधं, चष्मा, थोडी रोकड, ईसीएचएस कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ही सुटकेसमध्ये कुलूपबंद ठेवणाऱ्या माजी सैनिकांची संख्या पाहून मला राग येतो.

कुणी म्हणेल, रेल्वेच थ्री टायर एसीत माणशी 40 किलो फुकट नेऊ देते. देते ना! चौघांचे 160 किलो झाले. पण जिन्यावरून ते रेल्वे नेत नाही. 'बॅगेला चाकं आहेत' म्हणणाऱ्यांनी ज्येष्ठातल्या मंगळवारी अलीगंजला यावं. छावणीत घर मिळेपर्यंत मी इथे भाड्याने राहतो. बड्या मंगळला हनुमान मंदिराकडे लोटणाऱ्या गर्दीत आणि जागोजागच्या भंडाऱ्यांत गाडी दारापर्यंत येत नाही. कपूरथला चौकापासून चालायचं, पुरीभाजीच्या द्रोणांतून चाकं ओढत. (आणि कालनिर्णयवर विसंबू नका. इथला महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणजे आपला वैशाख संपायच्या पंधरा दिवस आधीच यांचा ज्येष्ठ लागतो.)

तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांना एकच अट आहे. प्रत्येकाने आपली बॅग स्वतः भरायची आणि घरातल्या घरात जिना दोनदा चढून उतरून दाखवायची. धाप लागली तर बॅग उघडायची. चादरी, टॉवेल, साबण, लोणची, तांदूळ, सगळं लखनौत मिळतं. गोडा मसाला तेवढा मिळत नाही. तो आणा, पाव किलो पुरे.