अडचण मुलांच्या मापाची

"जरा पॉझिटिव्ह राहायला शीक!" हे वाक्य शाळेच्या पालकसभेत, मंडळाच्या व्यासपीठावर आणि घरी जेवताना इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थच झिजून गेला आहे. बहुतेक वेळा त्याचा खरा अर्थ "तक्रार बंद कर आणि अभ्यासाला बस" एवढाच असतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना तो बरोबर कळतो, म्हणून ती मान डोलावतात आणि पुन्हा मोबाईलकडे वळतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की सकारात्मक वृत्ती उपदेशाने येत नाही. रोजच्या लहानसहान अडचणी स्वतः निस्तरता निस्तरता ती अंगी बाणते. आणि नेमके तेच आपण इथल्या मुलांना करू देत नाही.

इथली मुले, इथल्या अडचणी

आपली इंटरनॅशनल सिटी नावाने मोठी भारदस्त. चायना, फ्रान्स, ग्रीस, मोरोक्को, पर्शिया असे एकेका देशाचे क्लस्टर. प्रत्यक्षात घरे बहुतांशी स्टुडिओ किंवा एका बेडरूमची. भाडे दुबईच्या इतर भागांपेक्षा परवडते, म्हणून कित्येक मराठी कुटुंबांचा संसार इथे सुरू होतो. चौघांच्या घरात दहावीतल्या मुलीला अभ्यासाला हॉलचा कोपरा मिळतो, आणि त्याच हॉलमध्ये टीव्ही असतो. उन्हाळ्याचे चार महिने दिवसा बाहेर पडायची सोय नाही. मेट्रो अजून आपल्यापर्यंत आलेली नाही. ब्लू लाइनचे काम चालू आहे, पण ती सुरू करण्याचे नियोजन सप्टेंबर २०२९ चे आहे. तोवर बसने मेट्रोचे स्टेशन गाठायचे. या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे मित्रांची ये-जा. कोणाच्या वडिलांची नोकरी सुटते, कोणाला कॅनडाचा व्हिसा मिळतो, आणि काल शेजारी बसणारा मित्र आज नसतो.

या अडचणी लहान नाहीत. पण आपण काय करतो? मुलांना तळहाताच्या फोडाप्रमाणे जपतो. पाण्याची बाटली आई भरते, क्लासला वडील सोडतात, शाळेतल्या कुरबुरीवर शिक्षकांना संदेश आपणच पाठवतो. पैशाचा विषय निघाला की मुलांसमोर आवाज खाली जातो. हेतू चांगलाच असतो. "आपण सोसले ते त्यांनी सोसू नये" असे प्रत्येक आईबापाला वाटते.

आता पुढचा हिशेब करा. ऑक्टोबर २०२२ पासून अविवाहित मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत पालकांच्या व्हिसावर ठेवता येते, ही मोठी सोय झाली. तरी आपली बरीच मुले बारावीनंतर शिक्षणासाठी पुण्याला, मुंबईला किंवा परदेशी जातात. म्हणजे चौदाव्या वर्षापासून आपल्या हाती जेमतेम चार वर्षे उरतात. ज्या मुलाने कधी एकट्याने बस पकडली नाही, बिल भरले नाही, नकार पचवला नाही, तो अठराव्या वर्षी एका सुटकेसनिशी होस्टेलच्या दारात उभा राहतो. टक्केटोणपे तिथे एकदमच बसतात, आणि जवळ कोणी नसते.

घटना एक, अर्थ अनेक

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवा. या देशात १९४९ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यातला तो सर्वांत मोठा पाऊस. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. इंटरनॅशनल सिटीच्या कित्येक रस्त्यांवर पाणी तुंबले, गाड्या बुडाल्या, शाळा घरातून ऑनलाइन भरल्या. पाणी सर्वांच्या दारात सारखेच होते. पण एखाद्या घरात मुलांच्या कानावर पडले, "आपले नशीबच फुटके, इथे यायलाच नको होते." दुसऱ्या घरात ऐकू आले, "पिण्याचे पाणी किती आहे ते मोज, मोबाईल चार्ज करून ठेव, आणि तळमजल्यावर कोणाला काही हवे का ते विचारून ये." दुसऱ्या घरातल्या मुलांना आपत्ती कमी वाटली असे नाही. पण आपल्याला काहीतरी करता येते, हे त्यांना कळले.

मानसशास्त्रात या विचाराला भक्कम आधार आहे. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धती मांडली, ती मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत 'विवेकनिष्ठ' या नावाने रुजवली. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून घरोघरी नेली. तिचे सार साधे आहे. घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, त्या घटनेविषयी आपण मनाशी जे बोलतो ते करते. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो, 'च'. "मला नव्वद टक्के मिळायलाच हवेत." "मित्रांनी मला बोलावलेच पाहिजे." हा 'च' गाळून पाहा. "मिळाले तर फार बरे, नाही मिळाले तर वाईट वाटेल, पण पुढचे पाहता येईल." निराशा संपत नाही, पण तिची धार बोथट होते आणि हातपाय हलू लागतात.

म्हणून सकारात्मक असणे म्हणजे "सगळे छान होईल" असे म्हणणे नव्हे. "यात माझ्या हातात काय आहे?" असे विचारणे, ही खरी सकारात्मकता. आणि हा प्रश्न मुले आपल्याच तोंडून शिकतात.

काय करता येईल?

पहिली गोष्ट पैशाची. महिन्याचे डेवाचे बिल मुलाला वाचायला द्या. वीज किती, पाणी किती, आणि वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क त्यातच बारा हप्त्यांत कसे येते, हे त्यालाच शोधू द्या. जुलैचे बिल जानेवारीच्या शेजारी ठेवले की एसीवर व्याख्यान द्यावे लागत नाही. गावी पैसे पाठवताना दर त्याला पाहू द्या. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरसमोर घसरला की दिरहमसमोरही घसरतो, हे गणित नववीच्या मुलाला सहज जमते. खर्चाची रक्कम रोजच्या रोज न देता महिन्याची एकदम द्या. वीस तारखेला ती संपली तर संपू द्या. दहा दिवस कळ काढल्याने कोणाचे नुकसान होत नाही. अंथरूण पाहून पाय पसरण्याची सवय अशीच लागते.

दुसरी गोष्ट प्रवासाची. विद्यार्थ्याच्या नावाच्या नोल कार्डावर भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. ते काढून द्या आणि आधी तुमच्यासोबत, मग मित्रासोबत, मग एकट्याने बस आणि मेट्रो वापरू द्या. बस चुकली तर फोनवर तोडगा सांगण्याआधी "आता तू काय करणार?" एवढेच विचारा.

तिसरी गोष्ट अपयशाची. गुण कमी आले, संघात निवड झाली नाही, की आपण एकतर रागावतो, नाहीतर शाळेलाच दोष देतो. दोन्हींनी मूल काही शिकत नाही. दोन दिवस जाऊ द्या, मग कागद घेऊन बसा. काय हातात होते, काय नव्हते, पुढच्या वेळी एक गोष्ट कोणती बदलायची? एकच. दहा नकोत.

एक आक्षेप

"अहो, मुलांच्या डोक्याला आताच कशाला ताप? शिकू दे त्यांना सुखाने." असे म्हणणारे पालक माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. घरभाड्याचा चेक वटेल की नाही, ही चिंता मुलाची नव्हे. आपले ओझे त्याच्या खांद्यावर टाकायचे नाही. पण सत्य लपवूही नये. नोकरी गेली तर मुलांना दारामागच्या कुजबुजीतून ते कळतेच, आणि कल्पनेत संकट दुप्पट होते. त्यापेक्षा सरळ सांगावे, "बाबांची नोकरी सुटली आहे. २०२३ पासून इथे बेरोजगारी विमा सक्तीचा आहे, बारा महिने वर्गणी भरली असली आणि इतर अटींत बसलो तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. तोवर बाहेरचे जेवण बंद. तुझी शाळा चालू राहावी म्हणून आम्ही प्रयत्न करतो आहोत." मुले यापेक्षा जास्त काही मागत नाहीत.

आरोग्याच्या बाजूने दोन शब्द. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि पहाटे शाळेची बस असे चालले, तर उरते ती चिडचिड. तिला वृत्तीचा दोष म्हणू नये. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, खाणेपिणे वा झोप बिघडली असेल, आवडत्या गोष्टी सुटल्या असतील, तर "पॉझिटिव्ह राहा" म्हणणे थांबवून शाळेच्या समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे जावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलले तर त्याच दिवशी जावे. ताप आला की आपण थांबतो का?

शेवटी मंडळाला एक सूचना. पुढच्या एखाद्या कार्यक्रमाची जबाबदारी किशोरवयीन मुलामुलींवर सोपवावी, आणि ती नावापुरती नको. खर्चाचा अंदाज, हॉलची चौकशी, निवेदन, वेळेचे नियोजन, सगळे त्यांचे. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू होईल, माईक दोनदा बंद पडेल, बटाटेवडे कमी पडतील. आपण खुर्चीत बसून राहावे आणि उठून मदतीला धावू नये. मोठ्या माणसांनी त्या संध्याकाळी करायचे कठीण काम तेवढेच.